डिकीतली हवा

"ही गाडी बोलती बघ," नाना शेवाळे म्हणाले आणि त्यांनी मला थेट ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. "वाच. काय म्हणती?"

स्टिअरिंगमागच्या पडद्यावर गाडीचं चिमुकलं चित्र होतं आणि चार चाकांपुढे चार आकडे. तीन ठिकाणी तेहेतीस, मागच्या डाव्या चाकापुढे अठ्ठावीस.

"मागच्या डाव्यात हवा कमी आहे, नाना."

"ते तू आत्ता सांगतीस. मला गाडीनं सकाळीच सांगितलं. खाली उतरलो न्हाय, वाकलो न्हाय, काय न्हाय. चौतीस वर्षं एसटीच्या चाकावर लोखंडी टॉमी आपटून आवाज ऐकत आलो, अन् आता म्हातारपणी बसल्या जागी कळतंय. आहे का न्हाय मज्जा?"

नाना कराड डेपोतले निवृत्त ड्रायव्हर. चौतीस वर्षांत एकदाही गाडी कुठे घासली नाही म्हणून महामंडळानं दिलेला बिल्ला ते अजून सदऱ्याला लावायचे, लग्नाला आणि मयतीला सुद्धा. फंडाच्या पैशातून त्यांनी ही नवी गाडी घेतली होती, तिला महिना व्हायचा होता. आणि मागच्या सीटवर पुठ्ठ्याची चार मोठी खोकी होती. त्यात चकचकीत अलॉय रिमं.

"उद्या सकाळी चिपळूणला निघायचंय. आमच्या सारिकाला बाळंतपणाला आणायची, सातवा सरत आलाय. व्याह्याच्या दारात गाडी उभी राहिली की आधी चाकं दिसली पाहिजेत. लोखंडी चाकं काढ, ही घाल. अन् हे आकडे जसेच्या तसे पाहिजेत हां. मामा कुठंय तुझा?"

"कोल्हापूरला गेलेत, माल आणायला. आज दुकान मी बघतेय."

नानांनी माझ्याकडे वरून खाली बघितलं. मी पण त्यांच्याकडे तशीच बघत राहिले. शेवटी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

या गोष्टीला सात वर्षं झाली. कराडात पाटण रस्त्यावर मामांचं टायरचं दुकान होतं, निनाई टायर्स. मी विट्याची. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा झाल्यावर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला एका वर्षासाठी मामांकडे पाठवलं होतं आणि ते वर्ष संपलं होतं. गुरुवारी मला बघायला पाहुणे येणार होते. मला पाहुणे नको होते, टायर पाहिजे होते. रबराचा वास, हवेचा फुस्स आवाज, चाक मशीनवर गरगर फिरलं की पोटात होणारा आनंद, हे सगळं मला इतकं आवडायचं की सांगायची लाज वाटायची. मी मामांच्या मागे लकडा लावला होता. मामा म्हणाले, "शनिवारी मी कोल्हापूरला जातोय. एक दिवस एकटी दुकान चालव. एक जरी तक्रार आली तर गुमान विट्याची एसटी धरायची. न्हाय आली तर दाजींशी मी बोलतो, पोरगी हितंच राहणार म्हणून."

तर तो शनिवार हा.

नानांच्या गाडीत ते आकडे यायचे कुठून, तेवढं सांगते. चाकात जिथून हवा भरतात तो वॉल असतो ना, त्याच्या बुडाला, टायरच्या आत, काडेपेटीएवढी एक डबी असते. ती आतला दाब मोजते आणि पडद्याला कळवते. रिम बदलायचं तर त्या चारही डब्या जुन्या रिमातून सोडवून नव्या रिमात बसवायच्या. डबी नाजूक असते, टायर सोडवणाऱ्या मशीनचा फाळ चुकून तिच्यावर आला की चुरा. आणि मामांची पद्धत अशी की टायर सोडवायला सुरुवात नेहमी वॉलपासून करायची. म्हणायचे, आधी गणपती, मग बाकीचे देव. त्या दिवशी मी गणपतीला हात जोडले आणि बरोबर उलट्या बाजूनं सुरुवात केली. चारही डब्या धड बाहेर आल्या. एकीवर ओरखडा सुद्धा नाही.

मागचं डावं टायर सोडवायच्या आधी पाण्याच्या टाकीत बुडवून बघितलं, तर नक्षीच्या खोबणीतून बारीक बुडबुडे. खिळा होता, डोकं झिजलेला. त्याच्याभोवती खडूनं पांढरं वर्तुळ काढलं. आमच्याकडे असंच असतं, दोष दिसला की वर्तुळ, दुरुस्ती झाली की मगच वर्तुळ पुसायचं. म्हटलं, आधी डब्यांचं अवघड काम उरकू, खिळा काय पाच मिनिटांचा.

आणि तिथेच माशी शिंकली. नव्या रिमांचा आतला घाटच वेगळा निघाला. डबी टेकायला जागा नव्हती. वॉल आवळला की डबी उचलली जायची, तिरकी व्हायची आणि बुडातून हवा जायची. मी वायसर बदलून बघितला, वॉल फिरवून बघितला, दोन तास घाम गाळला. शेवटी कबूल करावं लागलं की या डब्या या रिमात बसणार नाहीत.

नाना समोरच्या टपरीवर तिसरा चहा घेत होते. मी जाऊन सांगितलं, "नाना, साधे वॉल घालून रिमं बसतील. चाकं झकास दिसतील. पण आकडे दिसणार न्हाईत, आणि पडद्यावर पिवळा दिवा लागून राहील."

"दिवा?" नानांनी कप खाली ठेवला. "माझ्या गाडीत दिवा? पोरी, चौतीस वर्षांत मी दिवा लागलेली गाडी डेपोबाहेर काढली न्हाय. जमत नसंल तर तसं सांग. बाजीराव आला की मी त्यालाच इचारतो, दुकान कुणाच्या भरवशावर टाकून गेलावता म्हणून."

बाजीराव म्हणजे मामा. म्हणजे झाली तक्रार. मला डोळ्यांपुढे विट्याची एसटी दिसायला लागली.

मग मला ती युक्ती सुचली. सुचली कसली, मोबाइलवर कुठल्यातरी व्हिडिओत बघितली होती. डब्यांना काय, दाब कळला म्हणजे झालं. तो टायरातला असो नाहीतर आणखी कशातला. मी शेजारच्या हार्डवेअरमधून हातभर लांबीचा चार इंची पाइप आणला, चारही डब्या त्यात घातल्या, दोन्ही तोंडांना टोपणं चिकटवली, एका टोपणाला भोक पाडून वॉल बसवला. ते वाळेपर्यंत साधे वॉल घालून चारही टायर नव्या रिमांवर चढवले, चाकं गाडीला लावली. नानांना चकाकी पाहिजे होती म्हणून चारही टायरांना काळं पॉलिश मारलं, फडक्यानं दाबून दाबून. मग पाइपात तेहेतीस हवा भरली, जुन्या गोणपाटात गुंडाळला आणि डिकीत स्टेपनीच्या खाली सरकवून दिला. गाडी जरा पुढे-मागे केली. पडद्यावर चार आकडे आले, तेहेतीस, तेहेतीस, तेहेतीस, तेहेतीस.

नाना पडदा बघून इतके खूश झाले की त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, मागच्या डाव्याचं पण भागलं की. सकाळी अठ्ठावीस व्हतं."

"हो," मी म्हटलं. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. देवाशपथ, तेव्हा माझं डोकं नुसतं आनंदानं भरलं होतं.

संध्याकाळी मामा आले तर टपरीवाल्यापासून बँकेच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांनी त्यांना सांगितलं की भाचीनं नाव काढलं. नाना बाजारपेठेतून दोन चकरा मारून गेले होते. मामा रात्री मामीला म्हणाले, "उद्या दाजींना फोन करतो." मी पांघरुणात तोंड घालून हसले.

रविवारी सकाळी आठला दुकान उघडलं. मामा उदबत्ती लावत होते आणि मला राहवेना. मी त्यांना पाइपाची गंमत सांगायला घेतली. डब्या बसेनात, नाना ऐकेनात, मग मी काय डोकं लढवलं. मामा आधी नुसते बघत राहिले, मग खो-खो हसायला लागले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"म्हंजे नाना डिकीतली हवा बघत गाडी चालवतोय?"

"हो ना. आणि वर काय म्हणतात, मागच्या डाव्याचं पण भागलं. सकाळी अठ्ठावीस होतं."

मामा अजून हसतच होते. हसता हसता म्हणाले, "का होतं अठ्ठावीस?"

मी वळून मागे बघितलं. खिळा. पाण्याच्या टाकीजवळ खडूचा तुकडा अजून पडला होता. वर्तुळ मीच काढलं होतं आणि मीच पॉलिशच्या फडक्यानं पुसून काळं केलं होतं. खिळा टायरात तसाच होता.

"मामा," मी म्हटलं, "हवा उतरत जाणार आणि पडदा तेहेतीसच दाखवणार."

मामांनी उदबत्ती होती तिथे खोचली. नानांचा फोन लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मग घरी नानांच्या बायकोला, काकूंना लावला, तर त्या म्हणाल्या साडेसातलाच गेले की, दही-साखर खाऊन. चिपळूणला जायचं म्हणजे कुंभार्ली घाट. जाताना उतार, येताना चढ, आणि येताना मागच्या सीटवर सात महिन्यांची पोटुशी सारिका.

"पिकअप काढतो. पंप अन् पंक्चरचं सामान घे," मामा म्हणाले. "घाबरू नकोस. नाना कुठं थांबणार मला ठाऊक हाय. चौतीस वर्षं हेळवाकच्या एकाच हॉटेलात चहा पिलेला माणूस, तो स्वर्गाला निघाला तरी तिथं तासभर थांबंल."

मामांची पिकअप म्हणजे पत्र्याचा आवाज जास्त, वेग कमी. रस्त्याच्या कडेला पांढरी गाडी दिसली की मी सीटवरून उठायची. कोयनानगर जवळ आलं तेव्हा मामांनी घसा खाकरला.

"हे बघ धने. आपण म्हणायचं, रिमं नवी घातली की दुसऱ्या दिवशी तपासणी असती, फुकट. मी नानाला गप्पात गुंतवतो. तू गुपचूप खिळा काढ, पंक्चर काढ, हवा भर. पाइपाचं काय बोलायचं न्हाय. पुढच्या आठवड्यात मी कुठनंतरी बसणाऱ्या डब्या मागवतो अन् हळूच बदलून टाकतो. नानाला कळलं तर तो आख्ख्या कराडात सांगंल. दुकान गेलं अन् तू बी गेलीस विट्याला."

"बरं," मी म्हटलं. मला इतकं हायसं वाटलं की मी मामांचा हातच धरला.

आणि हेळवाकला हॉटेलासमोर खरंच ती गाडी उभी होती, चाकं उन्हात चमकत. नाना बाकड्यावर बसून बशीत चहा ओतत होते, सदऱ्यावर बिल्ला. आम्हाला बघून त्यांना आनंदच झाला. "बाजीराव? तुम्ही हिकडं कुठं?"

मामांनी तपासणीची थाप मारली. नाना हॉटेलवाल्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? ह्याला म्हणतात सर्व्हिस. पन्नास किलोमीटर आले माझं चाक बघायला." मला मान वर करवेना.

मी मागच्या डाव्या चाकाशी बसले आणि वॉलला मीटर लावला. एकोणीस. आजकालचे टायर असे असतात की एकोणीसलाही लांबून कळत नाही, जरा पोट सुटल्यासारखं दिसतं एवढंच. मी पक्कडीनं खिळा ओढून काढला, भोकात रबराची चिकट दोरी सुईनं ठासली, उरलेलं टोक कापलं, हवा भरली. थुंकी लावून बघितली, बुडबुडा नाही. पाच मिनिटांचं काम, खरंच पाच मिनिटांत झालं. मामांनी लांबून भुवई उडवली, मी मान हलवली. सुटलो.

नाना उठले, धोतर झटकलं, गाडीत बसले. किल्ली फिरवली आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "बघा बाजीराव. कराडपासनं हितंपर्यंत तेहेतीसचं बत्तीस झालं न्हाय. मी एकदा सुद्धा उतरून बघितलं न्हाय. काय गरज? आता सारिकाला घेऊन येताना मला चाकाची काळजीच न्हाय."

मामा हसले. मी हसले नाही. मला काय झालं कोण जाणे. म्हणजे आजचा खिळा मी काढला, पण उद्याचा खिळा कोण काढणार होतं? जो माणूस चौतीस वर्षं दर थांब्याला उतरून चाक ठोकून बघायचा, त्याला मी खाली उतरायचं बंद केलं होतं.

"नाना, गाडी बंद करा," मी म्हटलं. "तो पडदा खोटं बोलतोय."

"धने," मामा म्हणाले.

"खोटं कसं बोलंल? कंपनीची गाडी हाय," नाना म्हणाले.

"कंपनीनं न्हाय, मी बोलायला लावलंय. तुमच्या डब्या नव्या रिमात बसल्याच न्हाईत. तुम्ही दिवा नको म्हणालात, मामांकडे तक्रार करतो म्हणालात, म्हणून मी त्या एका पाइपात घालून डिकीत ठेवल्यात. काल संध्याकाळपासून तुम्ही पाइपाची हवा बघताय."

नानांना वाटलं मी चेष्टा करतेय. ते मामांकडे बघून हसायला लागले. मग मी बोलत बसले नाही. डिकी उघडली, स्टेपनीखालून गोणपाट ओढलं, पाइपाचा वॉल दाबून धरला. फुस्स करून हवा सुटली. गाडीत टूं टूं टूं सुरू झालं. नाना पडद्याकडे बघायला लागले. वीस, बारा, सहा. चारही चाकं लाल. नाना टुणकन खाली उतरले आणि गाडीभोवती पळत सुटले. चारही चाकं आपली ठणठणीत उभी. हॉटेलवाला किटली घेऊन बाहेर आला, त्याला वाटलं गाडी पेटली.

नानांनी प्रत्येक चाकाला पायानं एकेक लाथ मारली. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मघाशी मागच्या डाव्याला काय करत व्हतीस?"

"खिळा काढला. काल दिसला होता, खडूनं खूण केली होती, आणि पॉलिश मारताना विसरले."

"हवा किती व्हती?"

"एकोणीस."

नाना बाकड्यावर जाऊन बसले. घाटाच्या बाजूला बघायला लागले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बाजीराव," ते म्हणाले, "तुम्हाला ठाऊक व्हतं?"

मामांनी टोपी काढून हातात घेतली. "सकाळी कळलं. अन् खरं सांगू का नाना, मी हिला गप्प बस म्हणालो व्हतो. खिळा काढू अन् जाऊ दे म्हणालो."

"म्हंजे ही तुमचं न ऐकता बोलली."

"व्हय."

नानांनी बिल्ला चाचपला, ती त्यांची सवय होती. मग उठून गाडीचं मागचं दार उघडलं.

"बस आत. डावीकडं. तुझ्या पंक्चरच्या बरोबर वर. मी घाट उतरणार, सारिकाला घेणार, घाट चढणार, अन् तू त्या चाकावरनं हलायचं न्हाय. माझी पोर ज्या चाकावर बसणार, त्यावर आधी तू बस."

मी बसले. मामांनी खिडकीतून मीटर आणि पंप आत दिला आणि हळूच म्हणाले, "घट्ट ठासलीस ना दोरी?" मी म्हटलं हो. पण खरं सांगते, कुंभार्लीच्या पहिल्या वळणाला मला माझ्या हातावर विश्वास नव्हता. दरीच्या बाजूला चाक आलं की माझं सगळं लक्ष सीटखाली. इतकी वर्षं झाली, हजारो पंक्चर काढली, पण त्या एका पंक्चरइतकं मी कशालाच जपलेलं नाही.

दर थांब्याला नाना गाडी उभी करायचे आणि म्हणायचे, "उतर." मी मीटर लावून आकडा मोठ्यानं सांगायचा आणि नानांनी काठीनं चाक ठोकायचं. पोफळीला तेहेतीस. चिपळूणच्या पुलावर तेहेतीस. व्याह्यांच्या दारात गाडी उभी राहिली, त्यांनी चाकांकडे बघून वा वा केलं. नाना म्हणाले, "चाकाचं काय घेऊन बसलाय, आतली हवा बघा," आणि मला म्हणाले, "उतर."

सारिका गोरी, गुबगुबीत आणि भारी बोलकी होती. ती माझ्या शेजारी उजवीकडे बसली, सासूनं दिलेली आमसुलं मला चारली आणि पहिल्याच वळणावर तिला तो दिवा दिसला.

"नाना, हा पिवळा दिवा कसला लागलाय? बिघाड आहे का काय?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. आता नाना सगळं सांगणार आणि ही दोन हात लांब सरकणार.

"त्यो व्हय," नाना म्हणाले. "त्यो लागलाय म्हंजे गाडी खरं बोलतीय. इझला की घाबरायचं."

सारिकाला काही कळलं नाही. घाट चढून वर येईपर्यंत तिचे डोळे मिटले आणि तिनं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. खांदा अवघडला, मुंग्या आल्या, पण मी हलले नाही. खाली माझं चाक फिरत होतं आणि वर ही दोघं झोपली होती, ती आणि तिच्या पोटातलं.

पाच वाजता कराडला नानांच्या दारात पोचलो. मामा पायरीवर बसले होते, दुकान बंद करून दुपारपासून. काकू भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, सारिकावरून ओवाळला, लांब टाकला. नाना म्हणाले, "हिच्यावरनं बी टाक."

"ही कोण?" काकूंनी विचारलं.

"चाकवाली. सारिकाला हिनं आणली. मी नुसता ड्रायव्हर."

काकूंनी आणखी एक तुकडा आणला. मी उभी होते, डोळ्यांना पाणी लावून घेत होते, आणि तेवढ्यात मामांचा फोन वाजला. आप्पा. मामांनी आवाज मोठा करून बोलायला सुरुवात केली, ते फोनवर नेहमीच पलीकडच्या गावाला ऐकू जाईल असं बोलतात.

"व्हय दाजी. शनिवारी एकटीनं चालवलं दुकान. व्हय, तक्रार आली. आली, एक आली." मी खाली बघितलं. "कुणाची म्हणून काय इचारताय, हिचीच. हिनं हिच्याच कामाची तक्रार केली. गिऱ्हाइकासमोर, मी नको म्हणत असताना. दाजी, पंचवीस वर्षं मी धंदा करतोय, असलं माणूस मला दुकानात गावलं न्हाय. मी सुद्धा तसला न्हाय. त्या पाहुण्यांना म्हणावं, बघायचंच असंल तर दुकानात या, पोरगी तिथं असती. रोज."

मग मामांनी फोन माझ्या हातात दिला.

"धनू," आप्पा म्हणाले आणि थांबले. ते रागावले की पूर्ण नाव घेतात, म्हणून माझ्या जिवात जीव आला. "पाहुण्यांचं बघू मागनं. गुरुवारी मीच येतो. माझ्या स्कूटरचं मागलं चाक रोज सकाळी बसलेलं असतंय. बघशील का?"

"बघते," मी म्हटलं. "आणि झालं की विट्यापर्यंत तुमच्या मागं, त्याच चाकावर बसून येते. संध्याकाळच्या एसटीनं मग मी परत."